रोखठोकांची उसनी शिडी

मुलांनो, डोळे मिटा आणि एक माणूस मनात उभा करा. उंची बेताची, शर्टाची इस्त्री कडक, मिशी दोन्ही बाजूंना सारख्या वजनाची. खिशात सुटे पैसे, तेही घरून मोजून घेतलेले. या माणसानं जन्मात कुणाकडून आगपेटीतली काडीसुद्धा उसनी घेतलेली नाही. शाळेत शेजारच्या मुलाचं खोडरबर मागावं लागू नये म्हणून आपण कधी चुकतच नव्हतो, असं तो स्वतः सांगतो. दिसला? मग आता डोळे उघडा. असा माणूस उघड्या डोळ्यांनीही दिसतो, कारण तो सारखा तुमच्यासमोर येऊन हेच सांगत असतो.

गल्लीत त्यांना सगळे रोखठोक म्हणत. म्हणजे पाठीमागं म्हणत. पण त्यांना ते कळलं तेव्हा त्यांना राग आला नाही, उलट त्यांनी ती पदवीच समजली. ते वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक होते. त्यांची कातडी पिशवी बाजारात शिरली की दुकानदारांचा आवाज मऊ व्हायचा आणि एरवी फेकलेल्या मालानं आदळणारा तराजू झोपलेल्या बाळासारखा अलगद खाली यायचा. कुणाचं किलोचं वजन किती झिजलंय हे त्यांना हातात घेताच कळे. माणसांचं वजनही आपल्याला असंच कळतं, असा त्यांचा एक गैरसमज होता. निरीक्षकांना असे गैरसमज होतात.

घर भाड्याचं, दोन खोल्यांचं. स्वतःचं का नाही? कारण स्वतःचं घर घ्यायचं तर कर्ज काढावं लागतं. "अंथरूण पाहून पाय पसरावेत," ते म्हणायचे, आणि आयुष्यभर गुडघे पोटाशी घेऊन झोपायचे.

अशा घरात एक मुलगी वाढली, आणि वाढता वाढता तिचे पाय अंथरुणाबाहेर गेले. तिला नदीच्या गाळाचा अभ्यास करायचा होता. पूर का येतो, माती कुठं जाते, धरणं का भरतात, असलं सगळं त्या गाळात लिहिलेलं असतं म्हणे. परदेशातल्या एका विद्यापीठानं तिला प्रवेश दिला. सत्र सुरू व्हायच्या आत फी पोचली पाहिजे, नाहीतर जागा दुसऱ्याला. रोखठोकांनी पोस्टातली सगळी बचत पुढ्यात मांडली. तेवढ्यात विमानाचं तिकीट येत होतं, एक जाड कोट येत होता, आणि विमानतळापर्यंत रिक्षानं जायचं ठरवलं नाही तर थोडं उरतही होतं. फी मात्र कशातच बसत नव्हती.

"राहू दे बाबा," मुलगी म्हणाली. "इथंच काहीतरी शिकेन."

ती हे इतक्या सहज म्हणाली की रोखठोकांना रागावताही आलं नाही. रडली असती तर त्यांनी रागावून वेळ मारून नेली असती.

बातमी गल्लीत फुटली आणि सल्ल्यांचा गाळ दारात साचू लागला. वरच्या मजल्यावरच्या मावशी जिन्यातूनच ओरडल्या, "गाळ बघायला परदेशात कशाला? आमच्या मोरीत ये ना!" समोरचे निवृत्त पोस्टमास्तर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "तिकडून पत्रं परत येतात, माणसं येत नाहीत. मी नोकरीभर पाहिलंय." पोस्टमास्तरांनी नोकरीभर पाहिली ती पाकिटं, पण सल्ला देताना माणूस इतका बारीक विचार करत नाही.

शेजारच्या लाँड्रीवाल्यानं मात्र एकच शब्द उच्चारला. "कर्ज."

हा लाँड्रीवाला म्हणजे रोखठोकांच्या डोळ्यांतलं कुसळ. त्याच्या घरात हप्त्यावर घेतली नाही अशी वस्तू नव्हती. फ्रिज हप्त्यावर, फोन हप्त्यावर, इस्त्री हप्त्यावर. पुढचे दोन दातसुद्धा हप्त्यावर बसवलेले, म्हणून तो उठसूट हसायचा. "पैसे वसूल व्हायला नकोत?" असं वर विचारायचा. गल्ली त्याला हप्तेबहाद्दर म्हणे. रोखठोक त्याला काहीच म्हणत नसत. इस्त्रीच्या शर्टांपुरतं सोडलं तर ते त्याच्याशी बोलतच नसत.

पण मुलगी "राहू दे" म्हणाली होती. रोखठोक उठले, ताज्या इस्त्रीचा शर्ट घातला आणि बँकेत गेले.

कर्जाच्या टेबलावर एक तरुण साहेब बसला होता. मागच्या भिंतीवर पदवीची टोपी घातलेल्या एका मुलीचं चित्र होतं. फेडायचं कधीपासून हे अजून कुणी सांगितलेलं नाही, असा निर्मळ आनंद तिच्या चेहऱ्यावर होता.

"आधीची कर्जं कोणती, काका?"

"एकही नाही," रोखठोक म्हणाले, आणि अभिनंदनासाठी जरा थांबले.

"क्रेडिट कार्ड?"

"छे, छे!"

"गाडीचा हप्ता? फोनचा? निदान मिक्सरचा?"

"मी सायकलवर आलोय. सायकल रोखीची आहे."

साहेबानं कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. "हे बघा. तुमच्या नावापुढं काहीच येत नाही."

"म्हणजे स्वच्छ."

"स्वच्छ नाही काका, रिकामं. याच्या लेखी तुम्ही नाहीच."

"मी तुमच्यासमोर बसलोय!"

"बसा ना, खुशाल बसा. मला दिसताय. याला दिसत नाही."

तीस वर्षं दुसऱ्यांची वजनं तपासलेला माणूस त्या दिवशी स्वतः काट्यावर चढला आणि काटा हललाच नाही. बँकेचं म्हणणं तसं सरळ होतं. ज्यानं कधी घेतलंच नाही तो परत करतो की नाही, हे कसं कळणार? जो पाण्यात उतरलाच नाही त्याला पोहता येतं, असं कोण सांगेल? रोखठोकांचं म्हणणंही सरळ होतं: मी आजवर बुडालो नाही, हे कुणी बघणारच नाही का? मुलांनो, इथं एक धडा आहे, पण तो पाठ करू नका. तुम्ही मोठे होईपर्यंत बँकवाले तो बदलतील.

"यावर उपाय आहे," साहेब म्हणाला. त्याला दया आली असावी, किंवा जेवायची वेळ झाली असावी. "एखादी वस्तू हप्त्यावर घ्या. दोन-तीन महिने हप्ते वेळेवर भरा. तुमचं नाव दिसायला लागेल, मग या."

आयुष्यभर जपलेली अब्रू दुकानात जाऊन एका वस्तूवर उधळायची होती. रोखठोक घरगुती यंत्रांच्या दुकानात गेले. निरीक्षकसाहेब आलेत हे पाहून मालक गल्ला सोडून उठला. "या साहेब, या! काय घेणार, थंड की गरम?" रोखठोकांना त्याच्या दुकानातलं थंडगरम काही नको होतं. सवयीनं त्यांनी फळीवरचा एक छोटा स्वयंपाकघरातला काटा उचलला, उलटा केला आणि म्हणाले, "यावर सरकारी शिक्का नाही."

मालकाच्या तोंडचं पाणी पळालं. "ते शोभेचे आहेत, साहेब."

"काटा शोभेचा नसतो," रोखठोक म्हणाले, आणि मग कपडे धुण्याचं यंत्र मागितलं. ते त्यांना इतक्या सोप्या हप्त्यांवर मिळालं की दुसरा कुणी असता तर हरखला असता. फक्त हप्ता खात्यातून परस्पर कापून घ्यायला त्यांनी साफ नकार दिला. "माझ्या खिशात दुसऱ्याचा हात नको. मी स्वतः आणून देईन."

यंत्र घरी आलं. रोखठोकांना त्याच्याकडं बघवेना. ते त्याच्यासमोरून जाताना नजर चुकवत, सावकार दारात बसलाय असं समजून. सकाळ होताच ते दुकानात गेले, बचतीतून सगळी किंमत एका फटक्यात चुकती केली आणि शीळ वाजवत घरी आले. तिकीट आणि कोट यांच्यातला कोट गेला, हे त्यांच्या लक्षात उंबरठा ओलांडताना आलं.

"काका!" बँकेतला साहेब कपाळाला हात लावून म्हणाला. "तुम्हाला हप्ता फेडायला सांगितलं होतं. तुम्ही कर्जच फेडलंत."

"मग चुकलं कुठं?"

साहेब म्हणाला, "हप्ताच पडला नाही, तर नाव दिसणार कसं? दुसरी वस्तू घ्या."

दुसरी वस्तू म्हणून व्यायामाची सायकल आली. जागच्या जागी चालते ती. आधीच्या सायकलपेक्षा तिचा एक फायदा म्हणजे तिच्यावरून बँकेत जाता येत नसे. बायकोनं कमरेवर हात ठेवले. "यंत्र ठेवायला पलंग हलवला. ही ठेवायला कपाट हलवलं. आता मी कुठं हलू ते सांगा."

"अगं, लेकीसाठी चाललंय."

"लेक जायच्या आधी घर जाईल!" असं म्हणून तिनं पैसे कपाटात कुलूप लावून ठेवले आणि किल्ली स्वतःजवळ घेतली. "हप्त्याच्या दिवशी मागा. आदल्या दिवशी मागितलीत तर मी माहेरी."

महिनाभर रोखठोक तळमळले. देणं असलेला माणूस कसा चालतो हे त्यांना पहिल्यांदा कळलं. शेवटी तो दिवस उजाडला. ऑफिसला जाता जाता पैसे द्यावेत म्हणून ते कातडी पिशवी घेऊन दुकानाच्या रस्त्याला लागले.

इथं चोराच्या मनात चांदणं ही म्हण आठवा. दुकानदारानं महिनाभर ते बिनशिक्क्याचे काटे हलवले नव्हते, कारण ते खपत होते. त्यानं समोरून मिशी येताना पाहिली, मिशीखाली पिशवी पाहिली, आणि खर्रर्रकन शटर खाली ओढलं.

रोखठोकांनी शटरवर थाप मारली. "अहो, उघडा!"

"आत कुणी नाही!" आतून आवाज आला.

"मी पैसे द्यायला आलोय!"

आत कुजबुज झाली. निरीक्षक पैसे द्यायला येतो, हे त्या बाजाराच्या इतिहासात बसत नव्हतं. हा नक्कीच सापळा, असं आत ठरलं. "मालक गावाला गेलेत!" मालकच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. तिसऱ्या दिवशी बंद. दारावर पाटी: 'माल मोजणी चालू आहे.' रोखठोक हातात नोटा घेऊन बंद शटरसमोर उभे राहत, आणि जाणारे-येणारे म्हणत, बघा, एवढा मोठा अधिकारी, पण उघड्यावर हप्ता मागायला उभा राहतो. मुलांनो, ज्या माणसानं कधी चहा घेतला नाही त्याच्यावर हा आळ आला, आणि तोही पैसे देताना.

आठवड्यानं ते बँकेत गेले तेव्हा साहेब हसत उठला. "अभिनंदन काका! दिसलात!"

"दिसलो?"

"थकबाकीदार म्हणून."

आगीतून फुफाट्यात, असं म्हणतात. पण फुफाट्यात निदान ऊब तरी असते. रोखठोक थंडगार पडले. सत्र तोंडावर आलं होतं. "आता?"

"आता एकच मार्ग. जामीनदार आणा. ज्याचं नाव यात चांगलं आहे असा माणूस तुमच्यासाठी सही करेल तर मी मंजूर करतो. सोमवारपर्यंत." साहेबानं पडद्यावर बोट फिरवलं. "तुमच्या पत्त्याजवळच एकजण आहे. वा! काय माणूस आहे! इतकी वर्षं, इतकी कर्जं, एक हप्ता चुकला नाही. असा माणूस आमच्या शाखेत दुसरा नाही. लाँड्री आहे त्यांची."

रोखठोक घरी आले आणि जेवले नाहीत. मुलीनं विचारलं, "काय म्हणाले?" ते म्हणाले, "काही नाही." ती परत म्हणाली, "राहू दे ना बाबा." तिच्या टेबलावर एका बरणीत ओढ्याचं पाणी ठेवलेलं होतं; माती खाली बसली होती, थरावर थर. त्यांनी ती बरणी उचलून पाहिली आणि होती तिथंच नीट ठेवली. मग चपला घालून शेजारच्या दारात गेले.

लाँड्रीत वाफ भरली होती. हप्तेबहाद्दर एका विजारीवर इस्त्री फिरवत होता. त्यानं वर पाहिलं आणि दोन्ही दात दाखवले.

"या साहेब! आज रोख की उधार?"

"काम होतं," रोखठोक म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी जन्मात उच्चारलं नव्हतं, तेव्हा जीभ वळणार कशी? शेवटी बँकेचं सगळं त्यांनी विजारीकडं बघत सांगितलं.

हप्तेबहाद्दरानं इस्त्री उभी केली. अशी संधी माणसाला एकदाच मिळते, आणि ती सोडण्याइतका तो थोर नव्हता. "म्हणजे माझी सही पाहिजे! अगं, ऐकलंस का," तो आतल्या खोलीकडं ओरडला, "साहेबांना माझी सही पाहिजे!" आतून बायको म्हणाली, "दारं-खिडक्या बंद करा, नाहीतर मावशींना ऐकू जाईल," आणि स्वतःच खिडकी उघडायला धावली.

मग तो जवळ आला. "एक सांगू साहेब? इतकी वर्षं तुमचे शर्ट मी करतो. कपडे द्यायच्या आधी तुम्ही पैसे टेबलावर ठेवता. मी म्हणतो, राहू द्या, मग द्या. तुम्ही ठेवताच. जसा काही मी रातोरात पळून जाणार, किंवा तुम्ही. माझं काहीच तुमच्याकडं राहू नये, असं का हो? माझं काही लागतं का अंगाला?"

रोखठोकांना यावर एक उत्तम उत्तर सुचलं, पण सही अजून व्हायची होती.

"सही करीन," तो म्हणाला. "पोरगी गुणाची आहे. पण एक अट. माझी एक वस्तू तुम्ही उसनी न्यायची, आणि मी मागेपर्यंत परत आणायची नाही. आधी आणलीत, तर सही विसरा."

"कसली वस्तू?"

त्यानं दुकानात नजर फिरवली. हँगर लहान, बादली क्षुल्लक. कोपऱ्यात अॅल्युमिनियमची उंच शिडी उभी होती. "ही!"

शिडी रस्त्यातून जाताना सगळ्या गल्लीनं पाहिली. घरात ती मावेना. एक टोक स्वयंपाकघरात, दुसरं व्यायामाच्या सायकलच्या खांद्यावर, मधे वाकून जायची वाट. बायको म्हणाली, "चला, निदान धुतलेले कपडे तरी वाळत घालते हिच्यावर."

"हात लावू नको!" रोखठोक किंचाळले. "दुसऱ्याची आहे!"

कुणी शिडीला टेकायचं नाही, कुणी ओलांडायची नाही. ते स्वतः ती सकाळसंध्याकाळ पुसत. पायरीवरचा एक जुना ओरखडा त्यांनी मावशींना साक्षीला बोलावून दाखवला, "हा आधीपासून आहे, बघून ठेवा." मावशी म्हणाल्या, "ओरखडा राहू दे, तुम्हीच सुकत चाललाय." पोस्टमास्तर रोज संध्याकाळी शिडी बघायला येऊ लागले. लोकांकडं बघायला टीव्ही होता, पण त्यावर रोखठोक नव्हते.

रविवारी गल्लीत हप्तेबहाद्दर भेटला. रोखठोकांनी आपणहून सांगितलं, "शिडी सुखरूप आहे."

"असू द्या, असू द्या," तो म्हणाला. "जरा जपून मात्र. तिचे हप्ते अजून चालू आहेत."

रोखठोक जागच्या जागी थिजले. आपल्या घरात उसनी वस्तू आहे, हे एक. ती वस्तू मुळात उधारीची आहे, म्हणजे उसन्यावर उसनं, हे दुसरं. आपण त्या माणसाच्या देण्यात राहतो आहोत, तेही भाडं न देता! एवढं मात्र त्यांच्या सोसण्यापलीकडचं होतं.

सोमवारी पहाटे, गल्ली उठायच्या आत, त्यांनी चपला हातात घेतल्या आणि शिडी खांद्यावर. बेत असा: गुपचूप लाँड्रीच्या भिंतीला टेकवायची. सही गेली तरी चालेल का, हा विचार त्यांनी केला नव्हता असं नाही. पण सवय विचाराच्या आधी उठते आणि चूळही भरते. ते वळले, आणि शिडीचं मागचं टोक व्यायामाच्या सायकलवर आदळलं. सायकल धुलाईच्या यंत्रावर पडली. यंत्राचं बटण दाबलं गेलं, आणि ते कुणाचेच कपडे नसताना घरघर करत थरथरायला लागलं. शिडीचं पुढचं टोक दारात आडवं अडकलं. मधे रोखठोक, हातात चपला.

मुलगी उठून बाहेर आली. तिनं शिडी पाहिली, चपला पाहिल्या, बापाचा चेहरा पाहिला.

"परत करायला निघालात?"

"अगं, त्याचे हप्ते चालू आहेत!"

"आणि सही?"

यंत्र घरघरत होतं. "तूच म्हणालीस ना, राहू दे," रोखठोक पुटपुटले.

"हो, म्हणाले," ती म्हणाली. "तुम्हाला बरं वाटावं म्हणून. मला जायचंय, बाबा." आणि आता तिचा आवाज हलला. "अंथरूण तेवढंच राहिलं. मी मोठी झाले."

आजवर रोखठोकांनी वस्तूंची वजनं केली होती. शब्दाचं वजन हातात घेतलं नव्हतं. ते इतकं असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. खांदा वाकला, आणि शिडी आपोआप घरात आली.

मुलीनं पुढं होऊन यंत्र बंद केलं. मग तिनं शिडी त्यांच्या खांद्यावरून उतरवली, उघडली आणि माळ्याखाली उभी केली.

"अगं, वापरू नको! दुसऱ्याची—"

"धरा खाली नीट," ती म्हणाली, "हलतेय."

रोखठोकांच्या हातातून चपला गळाल्या. त्यांनी दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली. मुलगी एकेक पायरी चढत वर गेली, त्या ओरखड्याच्या पायरीवर पाय ठेवून माळ्यावर वाकली, आणि कित्येक वर्षं कुणी न हलवलेली प्रवासाची मोठी पेटी तिनं पुढं ओढली. पेटीवरची धूळ थराथरानं सुटून खाली बापाच्या डोक्यावर, मिशीच्या दोन्ही बाजूंवर सारखी पडली. वरून तिनं त्या धुळीत बोट बुडवलं, उजेडाकडं धरून नीट निरखलं, आणि हसत पेटीची कडी उघडली.